शंभराच्या आतले अण्णा

अण्णांच्या घरात बटण दाबलं की आधी खालून खोकला ऐकू यायचा आणि मग दिवा लागायचा. खोकला आजाराचा नव्हता. त्या माणसाची तब्येत माझ्यापेक्षा ठणठणीत होती. 'ऐकलंय मी' एवढंच त्या खोकल्याचं म्हणणं असायचं. सांगलीत त्यांच्या माडीवर मी पाच वर्षं भाड्यानं राहिले आणि पाच वर्षांत एक दिवा त्यांच्या नकळत लावता आला असेल तर शपथ. महिन्याच्या महिन्याला भाडं मोजायचं आणि बटणाला हात लावताना मात्र चोरासारखा लावायचा, असला जाच वैऱ्याच्याही वाट्याला येऊ नये.

मी शिवणकाम करते. माहेर वाईचं, नवरा हळदीच्या ट्रकवर ड्रायव्हर, महिन्यातले वीस दिवस रस्त्यावर. मोटर बसवलेलं एक मशीन, एक इस्त्री आणि माझे दोन हात, एवढ्यावर माझा संसार चालायचा. यातली दोन विजेवर चालणारी आणि तीच दोन अण्णांच्या डोळ्यांत खुपायची. सगळी गल्ली मला नावानं हाक मारायची. अण्णा 'टेलरबाई' म्हणायचे आणि म्हणताना इस्त्रीकडं बघायचे.

अण्णा जैन, मूळचे सांगलीजवळच्या एका खेड्यातले. सगळी नोकरी हळदीच्या पेढीवर वजनकाट्यापुढं गेलेली. काट्याचा मुंगीएवढा कल त्यांना दिसायचा म्हणे, आणि तेच डोळे त्यांनी घरी आल्यावर मीटरला लावले. जिन्याखाली मीटर होता, दोन्ही बिऱ्हाडांना मिळून एकच. सकाळी उठल्यावर एकदा आणि दिवस मावळताना एकदा, चष्मा पुसून, त्याच्यापुढं उभे राहायचे. मीटरवरचा लाल दिवा किती भरभर लुकलुकतोय त्यावरनं घरात काय काय चालू आहे ते सांगायचे. एकदा मी हसण्यावारी नेलं तर तिथनंच ओरडले, "टेलरबाई, इस्त्री ठिवली की न्हाई अजून? दहा मिंटं झाली." खरंच दहा मिनिटं झालेली. मी कपाळावर हात मारला.

सगळं खूळ होतं ते शंभराचं. महिन्याला शंभर युनिटपर्यंत एक भाव, आणि शंभर ओलांडलं की पुढच्या प्रत्येक युनिटाला चांगलाच चढा भाव. हे तुम्हा-आम्हाला कधीतरी कळतं, आपण च्यक् च्यक् करतो आणि विसरतो. अण्णांनी ते आयुष्याचं व्रत करून ठेवलेलं. दोन बिऱ्हाडं, एक मशीन, एक फ्रीज, आणि आकडा शंभराच्या आत! महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात तर घरात सुतक पडल्यासारखं असायचं. "अठ्ठ्याऐंशी झालंय," असं सकाळी जिन्यातनं ऐकू आलं की मी समजायचे, आज मशीन पायानं चालवून ब्लाउज शिवायचे.

युनिट म्हणजे काय हे त्यांनी ज्याला समजावलं नाही असा माणूस आमच्या गल्लीत सापडायचा नाही. "हजार वॅट, येक तास, येक युनिट," हे दूधवाल्याला पाठ, कचरा न्यायला येणाऱ्या बाईला पाठ. लग्नाची पत्रिका घेऊन पाव्हणे आले, तर पत्रिका बाजूला ठेवून त्यांना विचारलं, "तुमच्यात गिझर कितीचा हाय? दोन हजाराचा? म्हंजे अर्ध्या तासात येक युनिट गेलं बघा. आन दहा वॅटचा बल्ब त्येवढ्यात शंभर तास जळतोय." पाव्हणे चहा न पिताच उठले. लग्नाला अण्णांना आग्रह कुणी केला नाही, आणि गेलेही नसते, कारण तारीख रीडिंगच्या आठवड्यात येत होती. रीडिंग घ्यायला माणूस यायचा त्या आठवड्यात अण्णा घर सोडत नसत. दाराला कुलूप दिसलं की सरासरी काढून बिल देतात, आणि सरासरी हा शब्द अण्णांना शिवीसारखा लागायचा. "मी काय सरासरी माणूस हाय व्हय?"

बिल आलं की तर सोहळाच. आम्ही सगळे आधी आकडा बघतो आणि मग देवाचं नाव घेतो. अण्णांचं उलटं. "आकडा बघून बोंब मारत्यात ती अडाणी. आधी तारीख बघायची. मग मागचं रीडिंग, मग चालू. वजाबाकी आपुन करायची, त्येंच्यावर इस्वास ठिवायचा न्हाई." मग बिल उलटं करून मागची बाजू. स्थिर आकार, वहन आकार, इंधनाचा आकार, वीज शुल्क, एकेकावर बोट ठेवून मला वाचायला लावायचे. स्थिर आकार म्हणजे एक दिवाही न लावता द्यायचे पैसे, हे मला त्यांच्याकडूनच कळलं आणि त्या दिवशी मीच जास्त चिडले.

आणि खोटं कशाला बोलू, माणूस चुकायचा नाही. एकदा चालू रीडिंगमध्ये एक आकडा चुकीचा पडला. अण्णांनी मोबाइलवर मीटरचा फोटो काढून ठेवलेला, तारखेसकट. वीज ऑफिसात जाऊन तीन खेपा घातल्या आणि पुढच्या बिलात फरक वजा करून घेतला. दुसऱ्या कुणी केलं असतं तर मी पेढे वाटले असते. पण अण्णांनी त्यानंतर दोन महिने ती गोष्ट इतक्या वेळा सांगितली, की ऑफिसवाल्यांनी ती चूक दुरुस्त केली नसती तर बरं, असं मला वाटायला लागलं.

त्यांच्या काटकसरीच्या एकेक तऱ्हा सांगायच्या तर दिवस पुरायचा नाही. रात्री झोपताना फ्रीज बंद. सकाळी दूध नासलेलं. मग त्याचं काकू कायकाय करायच्या आणि माडीवर माझ्या वाट्याला रोज तांब्याभर आंबट ताक यायचं. मी म्हटलं, "आवं अण्णा, बंद केलेला फ्रीज सकाळी गार व्हायला दुप्पट ओढतोय की." तर म्हणाले, "त्यो ओढतोय ते मला दिसतंय. रातच्याला ओढतोय ते कोण बघणार?"

स्वयंपाकघरात उजेड कमी होता. तिथं दिवा लावायचा नाही म्हणून त्यांनी अंगणात कपाटाचा जुना आरसा उभा केलेला, त्यातनं ऊन आत फेकायचं. ऊन सरकलं की आरसा सरकवायचा. सकाळभर हा माणूस दर अर्ध्या तासानं उठून आरसा फिरवायचा आणि आतनं काकू ओरडायच्या, "आवं, कढई दिसंना, डोळं दिपायलेत!" समोरच्या घरातली सून एकदा तावातावानं आली, तिच्या भिंतीवर म्हणे दिवसभर कवडसा नाचतोय. अण्णा म्हणाले, "फुकट उजेड मिळतोय, घ्या की."

जैन लोक दिवस मावळायच्या आत जेवतात. माझ्या ओळखीतली कितीतरी घरं तसं पाळतात आणि मला त्याचं कौतुक आहे. पण अण्णांच्या तोंडून ते ऐकलं की धर्म कुठं संपला आणि बिल कुठं सुरू झालं ते कळायचं नाही. मी साडेआठला भाकरी थापायला घेतली की जिन्याच्या तळातनं आवाज यायचा, "टेलरबाई, दिव्यावर किडं येत्यात. हिंसा हुतीया." एकदा काकूच आतनं म्हणाल्या, "धर्माला कशाला मधी घालताय? बिलाचं बोला की सरळ." अण्णांचा खोकला तेवढा ऐकू आला.

काकू म्हणजे त्यांची बायको. बारीक चणीची, कमी बोलणारी, पण बोलली की नेमकं बोलणारी बाई. अण्णांच्या नियमांनी त्यांचा दिवस बांधलेला. पहाटे आंघोळ केल्याशिवाय चुलीला हात लावायचा नाही, हा त्यांचा स्वतःचा नेम. पण पाणी तापवायला गिझर नाही, हा अण्णांचा. गच्चीवर काळा रंग दिलेलं पिंप होतं, उन्हानं तापायचं, आणि गरम व्हायचं दुपारी बाराला. पहाटे साडेपाचला त्यातलं पाणी बर्फासारखं. गॅसवर तापवावं तर तेवढं मोठं पातेलं उचलायचं बळ त्यांच्यात नव्हतं. मी दोनचारदा म्हटलंही, काकू मी उचलून देते. "नगं बाई, सवय हाय," म्हणायच्या.

आता माझ्या मुद्द्यावर येते, कारण या माणसानं माझं घोडं तीन वर्षं अडवून धरलं. मला माझ्या नावावर वेगळा मीटर पाहिजे होता. चैन म्हणून नव्हे. मिरजेच्या एका शाळेचं गणवेशाचं काम मला मिळण्यासारखं होतं. तेवढं काम एका मशीनवर होणारं नाही, अजून दोन मशीनं पाहिजेत, त्याला कर्ज पाहिजे, आणि बँकेतला माणूस म्हणाला, "ताई, राहत्या जागेचा पुरावा आणा. तुमच्या नावाचं लाइट बिल असलं तर उत्तम." माझ्या नावाचं! माझ्या नावावर आजवर एक रेशनकार्डातली ओळ सोडली तर कागदाचा कपटा नव्हता. भाडेकरूला मीटर घेता येतो, फक्त घरमालकाचं संमतिपत्र लागतं. एक सही. त्या एका सहीवर माझी दोन मशीनं अडकलेली.

मी त्यांना त्यांच्याच भाषेत सांगून बघितलं. "आवं अण्णा, दोन मीटर झालं तर तुमाला वेगळी शंभर, मला वेगळी शंभर. दोघांचंबी स्वस्तात बसंल की."

"आन घर?"

"घराला काय होतंय?"

"तुमच्या नावाचं बिल आलं की उद्या तुमी म्हणणार, मी हितलीच. माझ्या चुलत्याच्या दुकानात असाच येक शिरला, त्यो आजून निघंना."

"ती काय घर डोक्यावर घिऊन जाणाराय?" काकूंनी विचारलं.

"तुला कळत न्हाई त्यातलं."

तीन वर्षं मी दर सहा महिन्यांनी विषय काढला आणि दर वेळी तो चुलता आणि त्याचं दुकान मधे आलं. चुलता मेला तरी दुकान मधे येतच होतं. शेवटी शाळेच्या मुख्याध्यापिका म्हणाल्या, फेब्रुवारीत काम कुणाला द्यायचं ते ठरणार, तोवर मशीनं दाखवा, नाहीतर दुसरीकडं देतो. माझ्या हातात महिना होता.

आणि नेमकं त्याच जानेवारीत बिल आलं ते दुपटीच्या वर. महिनाभर आकडा पळताना अण्णांना दिसत होता, पण मीटरच बिघडलाय असं ते धरून बसले होते, आणि ऑफिसातला माणूस तर तपासून मीटर ठीक आहे म्हणून सांगून गेला.

अण्णा कधी जिना चढून वर येत नसत, सगळा कारभार खालून ओरडून. त्या दिवशी वर आले. बिल माझ्यापुढं धरलं. "येकशे शहाऐंशी," एवढंच म्हणाले आणि माझ्या इस्त्रीकडं बघत राहिले.

"अण्णा, माझं काम तेवढंच हाय. गेल्या महिन्यापेक्षा कमीच हाय उलट."

"मग हे काय आभाळातनं पडलं? आमी दोघं म्हातारा-म्हातारी. आमी दिवस मावळायच्या आत आंथरुणात. मी बस्तीत गेलो की तुमी चालू करत असणार, मला काय कळत न्हाई?" बस्ती म्हणजे त्यांचं मंदिर. रोज सकाळी सहा ते आठ ते तिथं असायचे. "महिनाअखेर खोली मोकळी करा."

मीटर राहिला बाजूला, आता घरच जाणार. घर गेलं की पत्ता गेला, पत्ता गेला की कर्ज गेलं आणि शाळाही गेली. नवरा फोनवर म्हणाला, "भांडू नकोस, दुसरी खोली बघू." मी फोन ठेवला. चोरीचा आळ घेऊन मी खोली सोडणार? वाईच्या घाटावर लहानाची मोठी झालेय मी, कुणाचं ऐकून घ्यायची सवय नाही. तरातरा खाली गेले.

"अण्णा, माझा फ्यूज काढा. आत्ता. तुमच्या हातानं काढा आन तुमच्याजवळ ठिवा. चार दिवस माझ्या घरात दिवाबी लागायचा न्हाई. मग बघू मीटर कोण पळवतंय."

मला वाटलं होतं, ओशाळतील. कसलं काय! लगेच स्टूल आणलं, माडीचा फ्यूज उपसला आणि सदऱ्याच्या खिशात टाकला. मंदिरातसुद्धा तो खिशात घालूनच जायचे.

ते चार दिवस मी काय काढले ते माझं मला माहीत. लग्नसराईचे अकरा ब्लाउज होते. मोटर काढून टाकून पायानं मशीन मारायचे, खिडकीपाशी बसून, उजेड असेतो. इस्त्रीला शेजारी जायचे. मोबाइल चार्ज करायला शेजारी जायचे. अंधार पडला की मेणबत्ती लावून भाकरी खायची आणि शिव्या मोजत पडायचं. खालून खोकला मात्र येत नव्हता. खोकायला बटणच नव्हतं ना. आणि काकूंचं ताकही त्या दिवसांत आलं नाही, हे तेव्हा माझ्या लक्षातच आलं नाही.

अण्णा दर दोन तासांनी रीडिंग लिहीत होते. मंदिरात जाताना एक आणि आल्यावर एक. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी जिन्याच्या पायरीशी येऊन उभे राहिले, आवाज एकदम खालचा. "टेलरबाई, सकाळच्या दोन तासातच तीन युनिट जातंय. तिन्ही दिवस. बाकी दिवसभर मीटर झोपल्यागत."

"माझा फ्यूज कुठं हाय?"

त्यांनी खिसा चाचपला. "माझ्याजवळ."

"मग?"

"मागल्या बोळातनं कुणीतरी आपल्या वायरीवर आकडा टाकून वीज वढतंय. सकाळी मी नसतो त्येला म्हाईत हाय. उद्या धरतो त्येला."

झालं, आता चोर पकडायची मोहीम. चौथ्या दिवशी सकाळी सहाला अण्णा नेहमीपेक्षा मोठ्यानं चपला वाजवत, मोठ्यानं "येतो गं" म्हणत बाहेर पडले. अर्ध्या तासानं माझ्या दारावर हळूच टकटक. अनवाणी, चपला हातात, धोतराचा सोगा खोचलेला. "चला. साक्षीदार पायजे." मला हसावं का रडावं कळेना. पण आळ माझ्यावर होता, म्हटलं चला.

जिन्याखाली मीटरचा दिवा इतका भरभर लुकलुकत होता की डोळा ठरत नव्हता. अण्णा भिंतीवरच्या वायरीवर बोट फिरवत, वाकून, पुढं पुढं निघाले. स्वयंपाकघर सोडलं, मधली खोली सोडली, मागचा बोळ सोडून वायर आत वळली, न्हाणीघराकडं. दार लोटलेलं होतं. आतनं वाफ येत होती. अण्णांनी दार ढकललं.

काकू पाटावर बसलेल्या. लुगडं गुडघ्याच्या वर घेतलेलं, दोन्ही पाय बादलीत. शेजारी दुसरी बादली आणि तिच्यात पाणी तापवायचा रॉड. त्यांचे गुडघे मी पहिल्यांदाच बघितले. नारळाएवढे सुजलेले, चकाकत होते नुसते.

मग अण्णांनी तोंड उघडलं. मला वाटलं, आता तरी हा माणूस माणसासारखं काहीतरी बोलेल.

"कितीचा हाय?" अण्णा म्हणाले.

"काय?"

"रॉड. किती वॅटचा?"

भिंतीवर डोकं आपटून घ्यावं असं मला वाटलं, माझं नव्हे, त्यांचं.

"मला काय म्हाईत," काकू म्हणाल्या. "बाजारातनं लपवून आणलाय. वॅट इचारून न्हाई आणला." आणि मग त्या बाईचा बांध फुटला. "दोन हिवाळं काढलं मी गार पाण्यात. औंदा जमंना. पाय भुईला टेकवायचा म्हटलं की डोळ्यांपुढं काजवं चमकत्यात. तुमी गेलासा की पाणी तापवती, तासभर शेकती, तवा कुठं पाय वळतोय, तवा तुमाला भाकरी मिळतीया. रोज दोनदा त्या मीटरचं तोंड बघताय. त्येचा दिवा जरा जास्त मिचकला की तुमाला कळतंय. मी गच्चीवर जायची सोडून सा म्हयनं झालं. कळलं का तुमाला?"

अण्णांनी वाकून पहिल्यांदा त्या गुडघ्यांकडं बघितलं.

मग काकू माझ्याकडं वळल्या, आणि त्यांना बघवेना माझ्याकडं. "पोरी, तुझ्यावर आळ आला आन मी तोंड शिवून बसली. चार दिस तू अंधारात भाकरी खाल्लीस, मला हितं घास गिळंना. पर बोलायचं धाडस झालं न्हाई. मला वाटलं, ह्यो रॉड जाईल."

राग तर आला, खोटं नाही सांगत. या बाईच्या गप्प बसण्यापायी मी रस्त्यावर आले असते. पण त्या गुडघ्यांकडं बघून राग धरता येईना. आणि सहा महिने मीही त्याच घरात होते, ताकाचा तांब्या आता काकू वर न आणता खालच्या पायरीवर ठेवून हाक मारतात, हे मी बघत होते. मलाही कुठं कळलं होतं?

अण्णांनी पुढं होऊन बटण बंद केलं, पिन उपसली. रॉड बाहेर काढून ठेवला. म्हटलं, हा आता रॉड मोडणार. त्यांनी गरम पाण्यात बोट बुडवून बघितलं, तांब्या घेतला आणि थोडं थोडं काकूंच्या पायांवर ओतायला लागले. "बटण बंद केल्याबिगर पाण्यात हात घालत जाऊ नगंस," एवढंच म्हणाले. "मरशील एखांद्या दिशी." तांब्या रिकामा झाला तसा तो काकूंच्या हातात देऊन बाहेर गेले. जिन्याखाली स्टूल सरकवल्याचा आवाज आला. माझा फ्यूज जागेवर बसला आणि वर माझा दिवा लागला, चार दिवस बटण चालूच राहिलेलं. खोकला आला नाही.

पण माफी? तिचं नाव नको. 'टेलरबाई, चुकलं' एवढे दोन शब्द बोलायला काय जिभेला काटे टोचत होते? तीन दिवस मी वाट बघितली. समोर आले की भिंतीकडं बघून जायचे. महिनाअखेर आठ दिवसांवर आलेली. मी रागानं पेटीत कपडे भरायला काढले.

चौथ्या दिवशी खालून हाक. "टेलरबाई! मला येक हिशेब सापडलाय!"

गेले. पाटावर बसून कागद मांडलेला. चेहऱ्यावर गुप्तधन सापडल्यासारखा आनंद. "हे बघा. येका मीटरवर दोन बिऱ्हाडं म्हंजे शंभरात मावत न्हाई. हिचं पाणी रोजचं तीन युनिट धरलं तर नव्वद तिथंच गेलं. पर दोन मीटर घेतलं तर? आमची शंभर येगळी, तुमची येगळी! आमच्या शंभरात हिचं पाणी मावतंय बगा. जरा इकडं तिकडं झालं तर मी फ्रीज बंदच ठिवीन."

मी त्यांच्याकडं बघतच राहिले. "आवं अण्णा, हे मी तुमाला तीन वर्षांमागं सांगितलं हुतं!"

"तवा हिचं पाणी न्हवतं हिशेबात."

"आन घर? चुलत्याचं दुकान?"

"तुमी घरावर हक्क सांगणार न्हाई म्हणून लिहून द्या. मी संमती लिहून देतो."

"आन खोली मोकळी करायची ती?"

"कुणी सांगितलंय मोकळी कर म्हणून?" अण्णा माझ्यावरच खेकसले. आतनं काकूंचं हसणं ऐकू आलं. मी दात-ओठ खात वर गेले, पेटी रिकामी केली, आणि पेटी रिकामी करतानाच हुंदका आला, कशाचा कोण जाणे.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता आम्ही दोघं वीज ऑफिसात. नव्या मीटरच्या अर्जाची पोच दाखवली तरी कर्जाचं काम पुढं सरकेल, असं बँकेतल्या माणसानं फोनवर सांगितलेलं. खिडकीपलीकडं एक बाई होत्या. त्यांनी माझा अर्ज बघितला, फोटो बघितला, मी घरावर हक्क सांगणार नाही तो कागद बघितला. मग अण्णांचं संमतिपत्र उघडलं. अण्णांनी ते मला वाचायला दिलेलं नव्हतं. "सहीपुरतं तुमचं काम," म्हणाले होते. मला वाटलं, त्यात अजून चार अटी घातल्या असतील.

बाई वाचता वाचता थांबल्या. "काका, हे काय लिहिलंय? याची इथं गरज नाही."

"काय लिहिलंय?" मी विचारलं.

त्यांनी कागद वर धरून वाचलं. "'सदर भाडेकरू बाई आमच्या माडीवर पाच वर्षे राहतात. त्यांनी आमच्या मीटरची वीज कधीही चोरून वापरली नाही. त्यांच्यावर घेतलेला आळ खोटा होता, ती आमची चूक.' काका, एवढ्यावर काट मारा आणि बाजूला सही करा. बाकी ठीक आहे."

"काट मारायची न्हाई," अण्णा म्हणाले.

"अहो, पण हे रेकॉर्डला जाणार."

"म्हणून तर लिहिलंय. तुमच्याकडनं रीडिंगमधी चूक झाली तर फुडच्या बिलात दुरुस्त करून छापता का न्हाई तुमी? का घरी यिऊन कानात सांगता?"

बाईंनी माझ्याकडं बघितलं. मग शिक्का मारला आणि कागद माझ्याकडं सरकवला, अर्जदाराची सही करायला. मला सहीची जागाच दिसेना, सगळं पाण्यात बुडाल्यासारखं झालं. अण्णा माझ्याकडं बघायला तयार नव्हते. वर छताला भर दिवसा जळणाऱ्या ट्यूबलाइटी मोजत उभे होते.

"टेलरबाई, रडायचं मागनं बघा," ते म्हणाले. "सही करा पटदिशी. हिचं पाणी तापायला लावून आलोय, आन बटण मीच यिऊन बंद करणार म्हणून सांगितलंय. पाऊण तास झाला."